आज पेपरात ससा आला का?

चार चौकटींचा विनोद वाचायला लागतात फार तर वीस सेकंद. पण या वीस सेकंदांना घाबरून एका देशानं मिकी माऊस बंद केला, आणि अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रानं एका रानमांजराचं तोंड बघायला नकार दिला. हसऱ्या चौकटी आणि त्यांना घाबरलेले मोठे लोक यांची ही गोष्ट. त्यात थोडी माझीही!

अगं, मांजर कर ना!

गोष्ट एका पावसाळ्यातली. लोअर परळच्या एका कॅफेत मी एकाच कॅपुचिनोवर अडीच तास ढकलत बसले होते (फ्रीलान्सर्सना हे कौशल्य उपजतच असतं!) आणि फोन वाजला. एका मासिकाच्या एडिटर मॅम. माझी मैत्रीण झकास चित्रं काढते, मी संवाद लिहिते, आणि आम्ही दोघी मिळून त्यांच्यासाठी दर अंकाला चार चौकटींची एक कॉमिक स्ट्रिप करतो.

त्या वेळची स्ट्रिप खड्ड्यावर होती. पहिल्या चौकटीत एक बाइकवाला खड्ड्यात पडतो. दुसरीत तो फोनवर तक्रार करतो. तिसरीत दोन माणसं टेप घेऊन येतात, खड्ड्याची लांबी-रुंदी मोजतात आणि निघून जातात. चौथीत पांढऱ्या कपड्यांतले साहेब येऊन फीत कापतात आणि मागे बोर्ड झळकतो, 'सार्वजनिक जलतरण तलाव'.

'अगं, मस्त झालीय. मी खरंच हसले,' मॅम म्हणाल्या. मग तो ओळखीचा पॉज. 'पण जरा... तुला माहितीय ना, निवडणुका तोंडावर आहेत. साहेबांच्या जागी दुसरं काही नाही का करता येणार?'

'दुसरं म्हणजे काय, मॅम?'

'काहीतरी गोड. मांजर कर ना! ऑफिसमधली मांजर. लोकांना मांजर आवडते.'

दीड तासात मांजर गेली. ऑफिसच्या प्रिंटरवर झोपलेली, आणि कुणाचा तरी अप्रेझलचा फॉर्म तिच्या पोटाखाली अडकलेला. लोकांना आवडली. मानधनही महिन्याभरात आलं, आणि हा चमत्कार किती दुर्मीळ आहे हे तुमच्या ओळखीच्या कुठल्याही फ्रीलान्सरला विचारा.

आता मला सांगा, आमच्यावर कुणी बंदी घातली? नाही. धमकावलं? मुळीच नाही. उलट कौतुकच झालं. पण खड्ड्याची स्ट्रिप अजून लॅपटॉपमधल्या एका फोल्डरमध्ये पडून आहे, आणि ती कधी काळी होती हे आम्हा तिघींशिवाय कुणालाच माहीत नाही.

त्या दिवसापासून मला एक नाद लागला. आपल्या आधी या चार चौकटींना कोण कोण घाबरलं होतं, ते शोधायचा.

मिकीचा गुन्हा काय?

आपल्यापैकी अनेकांची सकाळ एकेकाळी पेपरच्या पहिल्या पानानं व्हायचीच नाही. १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये 'चिंटू' सुरू झाला, आणि पुढची कित्येक वर्षं घराघरांत पेपर आधी कोण उघडणार यावरून भांडणं झाली. आई म्हणायची, 'बातम्या वाच जरा!' आपण आधी चिंटू वाचायचो. कॉमिक स्ट्रिप म्हणजे पेपरातली सगळ्यात निरुपद्रवी जागा, हे तेव्हाच डोक्यात पक्कं बसलं.

१९३७ मधल्या युगोस्लाव्हियाच्या सरकारचं मत मात्र वेगळं होतं.

मिकी माऊसची स्ट्रिप अमेरिकन पेपरांत १३ जानेवारी १९३० पासून येऊ लागली. थोड्याच महिन्यांत ती फ्लॉइड गॉटफ्रेडसन या तरुण चित्रकाराच्या हाती आली आणि पुढे ४५ वर्षं त्याच्याकडेच राहिली. त्याचा मिकी आजच्या टी-शर्टवरच्या मिकीसारखा नुसता गोड नव्हता. तो साहसं करायचा, गुंडांशी भिडायचा, आणि गोष्ट रोज एकेका पट्टीनं पुढे सरकत महिनोन्महिने चालायची. अगदी डेली सोपसारखी!

१९३७ च्या सप्टेंबरमध्ये अशीच एक गोष्ट सुरू झाली. मेडिओका नावाचं एक काल्पनिक राज्य. तिथला राजा हुबेहूब मिकीसारखा दिसणारा. त्याला हटवून गादी बळकवायचा एका ड्यूकचा डाव, आणि मग राजाच्या जागी चक्क मिकी सिंहासनावर बसतो. कल्पना काही नवी नव्हती. 'प्रिझनर ऑफ झेंडा' ही इंग्रजी कादंबरी १८९४ मध्येच येऊन गेली होती.

ही स्ट्रिप बेलग्रेडच्या 'पोलिटिका' या प्रतिष्ठित दैनिकातही छापून येत होती. आणि बेलग्रेडमध्ये त्या वेळी परिस्थिती कशी होती? राजा अलेक्झांडरचा १९३४ मध्ये फ्रान्समधल्या मार्से शहरात खून झालेला. गादीचा वारस पीटर, वय वर्षं चौदा. त्याच्या नावानं कारभार बघत होता दिवंगत राजाचा चुलतभाऊ, प्रिन्स पॉल. म्हणजे इकडे एक पोरगेला राजा आणि सत्ता सांभाळणारा नातेवाईक, आणि तिकडे पेपरात मिकीच्या गोष्टीत राजाविरुद्ध कट करणारा ड्यूक!

डिसेंबर १९३७ मध्ये ती स्ट्रिप बंद पाडण्यात आली. एवढंच नाही, तर ही बातमी बाहेरच्या जगाला कळवणाऱ्या ब्रिटिश पत्रकाराला, ह्यूबर्ट हॅरिसनला, देशाबाहेर काढण्यात आलं. आधी उंदीर गेला, मग उंदराची बातमी देणारा गेला!

यातली गंमत बघा. गॉटफ्रेडसन बसला होता हजारो मैलांवर कॅलिफोर्नियात. प्रिन्स पॉलला टोमणा मारायला तो काही निघाला नव्हता. तो टोमणा लिहिला कुणी? ज्यानं ती स्ट्रिप वाचून दचकून लाल पेन्सिल उचलली, त्यानंच. 'हा ड्यूक म्हणजे आपले साहेब तर नव्हेत?' हा प्रश्न ज्याच्या डोक्यात पहिल्यांदा आला, त्याच्या मनात साहेबांविषयी काय होतं, हे आपसूक उघडं पडलं.

इटलीतली तऱ्हा आणखी वेगळी. तिथं मिकीचं नाव टोपोलिनो. १९३२ च्या डिसेंबरमध्ये त्याच्या नावाचं स्वतंत्र नियतकालिकच सुरू झालं होतं, एवढा तो लाडका. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या सरकारनं परदेशी कॉमिक्सना बाहेरचा रस्ता दाखवला, पण डिस्नेच्या मंडळींना तेवढी सूट मिळाली. इतक्या लोकप्रिय उंदराला हात कोण लावणार? शेवटी अमेरिका आणि इटली युद्धात समोरासमोर आल्यावर, १९४२ च्या सुरुवातीला ही सूट संपली. मिकीच्या जागी आला टुफोलिनो नावाचा एक इटालियन मुलगा. साहसं साधारण तशीच, फक्त उंदराचा माणूस झाला. वाचणाऱ्या पोरांना काय कळायचं ते कळलंच असणार.

दलदलीत शिरलेलं रानमांजर

हुकूमशहा आणि राजेरजवाडे कॉमिक्सवर बंदी घालतात, यात तसं नवल नाही. मला जास्त जवळची वाटली ती वॉल्ट केलीची गोष्ट. कारण ती घडली लोकशाहीत, आणि त्यात एकही सरकारी हुकूम नाही.

केली आधी डिस्नेच्या स्टुडिओत ॲनिमेटर होता. 'पिनोकियो', 'फँटेशिया', 'डम्बो' या सिनेमांवर त्यानं काम केलं आणि १९४१ मध्ये तो तिथून बाहेर पडला. १९४८ मध्ये 'न्यूयॉर्क स्टार' या पेपरात त्याची 'पोगो' ही स्ट्रिप सुरू झाली. काही महिन्यांत तो पेपरच बंद पडला, पण पोगो वाचला. १९४९ पासून एका सिंडिकेटमार्फत तो देशभर जाऊ लागला.

सिंडिकेट म्हणजे काय, हे इथं समजून घ्यायला हवं, कारण सगळी गोम तिथंच आहे. चित्रकार स्ट्रिप काढतो, सिंडिकेट ती शेकडो पेपरांना विकतं. पेपर जितके जास्त तितकी कमाई जास्त. पट्ट्या आधीच पोचवल्या जातात. म्हणजे प्रत्येक गावच्या एडिटरच्या टेबलावर ती वाचकाच्या आधी पडलेली असते, आणि त्याला ती नको असेल तर त्या दिवशी न छापायची मुभा असते. फार झालं तर करारच बंद! शेकडो पेपर म्हणजे शेकडो बॉस. आपल्याला एक सांभाळताना नाकी नऊ येतात.

पोगो हा एक ऑपॉसम, म्हणजे पोटाला पिशवी असलेला मांजराएवढा प्राणी. जॉर्जिया राज्यातल्या ओकेफिनोकी नावाच्या दलदलीत तो राहतो. सोबतीला सिगार ओढणारी मगर आल्बर्ट आणि असेच एकेक नमुने. वरवर बघितलं तर पोरांची स्ट्रिप.

आणि १ मे १९५३ रोजी या दलदलीत एक रानमांजर शिरलं. नाव सिंपल जे. मॅलार्की. दाट भुवया, खुंटं वाढलेली दाढी, हातात बंदूक. पक्षीनिरीक्षकांच्या क्लबात हे महाशय घुसतात आणि बघता बघता सगळ्यांना धाकात ठेवतात. अमेरिकेतल्या कुठल्याही वाचकाला ते थोबाड ओळखायला दोन सेकंद पुरेसे होते. ते होते विस्कॉन्सिनचे सिनेटर जोसेफ मॅकार्थी!

मॅकार्थी १९५० पासून 'सरकारात कम्युनिस्ट घुसलेत' अशी आवई उठवत सुटले होते. पुरावे कधी धड दिलेच नाहीत, पण त्या वातावरणात नुसत्या संशयावर माणसांच्या नोकऱ्या जात होत्या. भलेभले गप्प होते. टीव्हीवर एडवर्ड मरो यांनी मॅकार्थींचं पितळ उघडं पाडणारा तो गाजलेला कार्यक्रम केला ९ मार्च १९५४ रोजी. म्हणजे केलीचं रानमांजर त्याच्या तब्बल दहा महिने आधीचं. आणि तेही कुठं? जिथं लोक चहा पिता पिता हसायला येतात त्या पानावर.

डोक्यावर पिशवी

मग घाबरले कोण? एडिटर. प्रॉव्हिडन्स हे ऱ्होड आयलंड राज्याच्या राजधानीचं शहर. तिथल्या एका पेपरानं १९५४ मध्ये बजावलं, हा मॅलार्कीचा चेहरा पुन्हा दिसला तर आम्ही तुमची स्ट्रिपच बंद करू.

तुम्ही केलीच्या जागी असतात तर काय केलं असतं? मी तर सरळ मांजर पाठवली असती. म्हणजे, पाठवलीच!

केलीनं काय केलं? कथेत एक नवी कोंबडी आणली. ती कुठल्या जातीची? ऱ्होड आयलंड रेड! (आपल्याकडच्या कुक्कुटपालनवाल्यांनाही ही जात चांगली ठाऊक आहे.) ही कोंबडीबाई समोरून येताना दिसताच मॅलार्की घाईघाईनं स्वतःच्या डोक्यावर पिशवी ओढून घेतो. का? तर म्हणे, प्रॉव्हिडन्सच्या कुणाला आपला चेहरा दिसायला नको!

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लोकलमध्ये होते आणि एकटीच मोठ्यानं हसले. शेजारच्या काकू सरकून बसल्या. पण बघा ना, एडिटरची अट तंतोतंत पाळली होती. चेहरा दिसला नाही. दिसली ती पिशवी, म्हणजे एडिटरची भीती. आणि ती छापून आली ज्या ज्या पेपरात पोगो यायचा त्या प्रत्येक पेपरात. प्रॉव्हिडन्सपुरती झाकलेली गोष्ट देशभर गेली.

२ डिसेंबर १९५४ रोजी सिनेटनंच मॅकार्थींच्या वागणुकीचा निषेध करणारा ठराव ६७ विरुद्ध २२ मतांनी मंजूर केला. त्याचं श्रेय एका स्ट्रिपला द्यायला मी काही एवढी भाबडी नाही. पण ज्या दिवसांत भीती वाटणं हेच शहाणपण समजलं जायचं, त्या दिवसांत रोज सकाळी कुणीतरी त्या माणसाला हसत होतं, हेही काही थोडं नाही.

आणि मग आले ससे!

मॅलार्की गेला तरी केली सुधारला नाही. १९६२ मध्ये त्यानं रशियाच्या ख्रुश्चेव्हसारखं दिसणारं डुक्कर आणि क्यूबाच्या कॅस्ट्रोसारखा दाढीवाला बोकड आणला. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन शिंगवाला बैल होऊन आले, उपाध्यक्ष ॲग्न्यू तरस झाले. दर वेळी काही एडिटर अस्वस्थ. कुणी स्ट्रिप उचलून संपादकीय पानावर टाकली, कुणी त्या दिवसापुरती वगळली.

एवढ्या बॉसेसशी रोज भांडणार कोण? केलीनं तोडगा काढला. ज्या दिवशी स्ट्रिप तिखट असेल, त्या दिवसासाठी तो दुसरी एक मिळमिळीत स्ट्रिपही काढून द्यायचा. त्यात गुबगुबीत, गोजिरवाणे ससे. राजकारणाचा काटा अलगद काढून टाकलेला. एडिटरनं ठरवायचं, आपल्या वाचकाला काय द्यायचं.

म्हणजे शेवटी केलीसुद्धा झुकला, असंच ना? मलाही आधी तसंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. चला, एवढा मोठा माणूसही मांजर... आपलं, ससा पाठवायचा!

पण एक फरक होता. केलीनं वाचकांना जाहीरपणे सांगून टाकलं होतं की तुमच्या पेपरात पोगोच्या जागी नुसते ससे दिसले, तर समजून जा, तुम्हाला स्वतःच्या डोक्यानं विचार करता येतो यावर तुमच्या एडिटरचा विश्वास नाही.

थोडक्यात, ससा हा ससा नव्हताच. ती पाटी होती, 'इथं काहीतरी होतं' असं सांगणारी.

शिक्का आणि फोन

मला खटकत होतं ते नेमकं हेच, हे तेव्हा लक्षात आलं.

सरकारी बंदीची खूण मागे राहते. बेलग्रेडची बंदी झाली, तिची बातमी झाली, म्हणून आज ऐंशीहून जास्त वर्षांनी मी ती तुम्हाला सांगू शकतेय. आपल्याकडे जून १९७५ ते मार्च १९७७ या आणीबाणीच्या काळात पेपरातला मजकूर सेन्सॉरपुढे जायचा. अबू अब्राहम तेव्हा 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये व्यंगचित्रं काढायचे. राष्ट्रपती बाथटबमध्ये बसून वटहुकमावर सही करताहेत, हे त्यांचं चित्र डिसेंबर १९७५ मध्ये चक्क छापून आलं. बाकीची काही अडली. पण आणीबाणी उठल्यावर, १९७७ मध्ये, त्यांचं 'द गेम्स ऑफ इमर्जन्सी' हे पुस्तक आलं, आणि नामंजुरीचा शिक्का बसलेली चित्रंही वाचकांना बघायला मिळाली. ज्यानं शिक्का मारला, त्यानं नकळत पुरावाच जपून ठेवला होता.

फोनचा शिक्का उमटत नाही. 'जरा सॉफ्ट कर ना' याची कुठं नोंद होत नाही. त्यात कुणी व्हिलनही नसतो. आमच्या मॅम मनानं खरंच चांगल्या आहेत. त्यांच्या वर जाहिरातवाले, त्यांच्या वर मालक, आणि पुढच्या महिन्याचा पगार त्यांनाही हवाच. तुमच्या ऑफिसात काय वेगळं असतं? मीटिंगमध्ये बोलायचं ठरवून गेलेलं वाक्य आपण कितीदा गिळतो? ग्रुपवर टाइप करून कितीदा डिलीट करतो? आपल्याला कुणी अडवलेलं नसतं. आपणच आपल्या हातानं ससा काढून मोकळे होतो, आणि तो ससा आहे हे कुणाला सांगतही नाही.

सगळ्यात वाईट काय झालं सांगू? त्या फोननंतर मॅमना पुन्हा कधी फोन करावाच लागला नाही. पुढच्या सात-आठ स्ट्रिप्समध्ये आम्ही पहिल्यापासूनच मांजर पाठवली. खड्ड्यासारखं काही सुचायचं, आणि मैत्रीण पेन्सिल उचलायच्या आधीच मी म्हणायचे, 'राहू दे गं, नाही घेणार ते.' घेणार की नाही, हे आम्ही विचारलंसुद्धा नाही. नंतर नंतर तर तसं काही सुचायचंच बंद झालं. मला त्या गोष्टीचीच धास्ती वाटली.

कोपऱ्यातला पाहुणा

गेल्या महिन्यात मी मैत्रिणीला केलीची ही सगळी कथा सांगितली. दादरला एका हॉटेलात, मिसळ खाता खाता. तिनं शांतपणे ऐकलं, पावाचा शेवटचा तुकडा रश्श्यात बुडवला आणि म्हणाली, 'दोन पाठवू या. एक खरी, एक मांजर. ठरवू देत त्यांना.'

आम्ही दोन पाठवल्या. खरी होती लोकलच्या गर्दीवर, आणि त्यात एक साहेब होतेच. मॅमचा फोन आला. या वेळी पॉज जरा मोठा होता. 'खूप छान आहे गं पहिली. पण...' मांजर छापली गेली.

फक्त या वेळच्या मांजरीच्या स्ट्रिपमध्ये, चौथ्या चौकटीत, खिडकीपाशी एक छोटासा ससा बसलाय. गोष्टीशी त्याचा काहीएक संबंध नाही. मॅमनी तो बघितला होता. 'हा ससा कुठून आला मध्येच?' त्यांनी विचारलं होतं.

'असाच, मॅम.'

'क्यूट आहे. राहू दे,' त्या म्हणाल्या.

तर मंडळी, तुमच्या हातात कुठलंही मासिक येऊ दे. आधी कोपरे बघा.